मुळात बाही कोणत्या सालची?

प्रिय ताई,
मी बेचाळीस वर्षांची आहे. शिवण लहानपणापासून येते. दीड वर्ष खपून मी १९व्या शतकातल्या युरोपीय बायका घालत तसा एक गाऊन शिवला. जांभळा, घेरदार, मोठ्या फुगीर बाह्यांचा. जुनी चित्रं बघून बेतला, आतला पोलादी कड्यांचा पिंजरा तेवढा तयार आणला. जुने पोशाख शिवून घालणाऱ्या हौशी मंडळींच्या मेळाव्यात तो पहिल्यांदा घातला. तिथल्या एका अनुभवी बाईंनी सगळ्यांसमोर बोटं मोजत चार चुका काढल्या: कापड पॉलिस्टरचं, पाठीला चेन, शिवण मशीनची, आणि असला भडक रंग त्या काळी नव्हताच. मी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर गाऊन ट्रंकेत टाकला तो अजून बाहेर काढलेला नाही. खरं सांगायचं तर आरशात मलाही तो नाटकातल्यासारखाच वाटत होता. घेर पुढून वर उचलला जातो, कड्यांचे वळ कापडावर उमटतात, खांद्याला चुण्या पडतात. नवरा म्हणतो, "एवढं करून हे घालून तू जाणार कुठे?" गाऊन उसवून टाकू, की सरळ देऊन टाकू? पुढच्या महिन्यात मेणबत्त्यांच्या उजेडात फोटो काढायचं ठरलं होतं, तेही रद्द करू का? गाऊनचे फोटो सोबत पाठवते आहे.
— उसवलेली

प्रिय उसवलेली,

शेवटचा प्रश्न आधी घेते. मेणबत्त्या रद्द. फोटो काढा, हवे तितके काढा, पण ज्योत नको. पिंजऱ्यावरचा घेर अंगावर असला की आपण कुठे संपतो हे आपल्यालाच कळत नाही. पाय इथे असतात आणि कापडाची कड हातभर पलीकडे कशाला तरी घासत असते. अमेरिकी कवी लाँगफेलो यांच्या पत्नी फॅनी १८६१ साली स्वतःच्या घरात कपड्यांनी पेट घेतल्यामुळे गेल्या. १८७१ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्डच्या दोन सावत्र बहिणी एका समारंभात अशाच भाजल्या. एकीच्या झग्याने पेट घेतला, दुसरी तिला वाचवायला धावली, आणि दोघीही वाचल्या नाहीत. त्यांचं कापड निदान जळून राख होणारं होतं. तुमचं पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटेल. बॅटरीवर लुकलुकणाऱ्या मेणबत्त्या मिळतात, फोटोत फरक कळत नाही.

आता त्या बाईंकडे वळू. चारांपैकी दोन मुद्दे त्यांचे बरोबर आहेत, दोन साफ चूक. आणि खरी चूक त्यांना दिसलीच नाही.

पॉलिस्टर १९४१ चं आणि कपड्यांतली चेन विसाव्या शतकातली, तेव्हा इथे त्यांना पैकीच्या पैकी गुण. पण मशीनची शिवण? एलियस हाऊने शिवणयंत्राचं पेटंट १८४६ मध्ये घेतलं, सिंगरने १८५१ मध्ये. १८६०च्या दशकात लांबलचक सरळ शिवणी यंत्रावर मारायच्या आणि बाकीचं बारीक काम हातानं करायचं, अशी पद्धत सर्रास होती. तुमचा घेर त्याच काळातला आहे, त्यामुळे तुमच्या मशीनला कोणी नावं ठेवायचं कारण नाही. तुम्ही १८१० चा झगा शिवला असता तर गोष्ट वेगळी.

रंगाच्या बाबतीत तर बाई पुरत्याच फसल्या. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा प्रयोगशाळेत क्विनीन बनवायच्या खटपटीत होता. क्विनीन काही जमलं नाही, भांड्यात जांभळा रंग मात्र उरला. मोव्ह म्हणतात तो हाच. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या जांभळ्याची अशी काही लाट आली की लंडनच्या 'पंच' साप्ताहिकाने तिची गोवराच्या साथीशी तुलना करून टिंगल केली. पाठोपाठ मॅजेंटा आला. त्या काळच्या बायका आपल्याला करड्या-तपकिरी वाटतात कारण आपण त्यांना जुन्या फोटोंत पाहतो, किंवा संग्रहालयातल्या विटलेल्या कापडात. १८६० च्या सुमाराच्या बाईनं तुमच्या जांभळ्याकडे बघून नाक मुरडलं नसतं. कुठून आणलं, असं विचारलं असतं तिनं.

मात्र तुमच्या बाह्या बघून ती चक्रावली असती.

तुमचा फोटो मी दोनदा मोठा करून पाहिला. घेर १८६० च्या सुमाराचा. बाही खांद्याशी फुग्यासारखी आणि कोपराखाली घट्ट, म्हणजे १८९५ ची. दोघांत तीस-पस्तीस वर्षांचं अंतर आहे. आई आणि मुलगी एकाच कपड्यात शिरल्या आहेत, आणि आरशात तुम्हाला जे 'नाटकातलं' वाटलं ते हेच. पॉलिस्टर लांबून कोणाला दिसत नाही, चेन पाठीमागे असते. दोन काळांचा घाट एकत्र आला की मात्र न जाणणाऱ्याच्याही डोळ्याला खुपतं, फक्त काय खुपतंय ते सांगता येत नाही.

'१९व्या शतकातला गाऊन' अशी काही वस्तूच नसते. शतकाच्या सुरुवातीला कंबर छातीच्या खाली होती आणि झगा सरळ खाली पडायचा. १८२० नंतर कंबर जागेवर उतरली. १८३०च्या आसपास बाह्या एवढ्या फुगल्या की काहीजणी आत पिसांच्या उशा घालत. मग बाह्या उतरल्या आणि परकरांवर परकर चढवून घेर वाढत गेला. १८५६ मध्ये पोलादी कड्यांच्या पिंजऱ्याचं पेटंट झालं आणि बायकांनी हुश्श केलं असणार, कारण पाच-सहा परकरांचं ओझं एका हलक्या सांगाड्यानं उतरवलं. पिंजरा म्हणजे छळ, असं आपण सहज म्हणून जातो. तो घालणारीला विचारा, पाय मोकळे राहतात. पुढे घेर मागे सरकला, १८७० च्या सुमाराला नुसता मागचा फुगवटा उरला, दहा वर्षांत तोही गेला आणि झगा मांडीला चिकटला, मग १८८५ च्या आसपास फुगवटा आणखी टोकदार होऊन परत आला. आणि १८९०च्या दशकात पुन्हा बाह्या. त्या जुन्या १८३० वाल्यांच्या नातीच म्हणा. तुमचा गोंधळ झाला तो बहुधा इथेच: चित्रांच्या ढिगात दोन्ही फुगीर बाह्या होत्या, त्यांच्या मधला काळ तुम्ही घेरासाठी निवडलात.

म्हणून पहिलं काम सुई-दोऱ्याचं नाही. एक साल ठरवा. मी तुमच्यासाठी १८६२ ठरवते, कारण घेर आणि रंग तिथलेच आहेत. आणि निव्वळ साल पुरत नाही, दिवसाची वेळही लागते. त्या काळी दुपारचा पोशाख गळ्यापर्यंत बंद आणि लांब बाहीचा असे, संध्याकाळचा उघड्या गळ्याचा आणि तोकड्या बाहीचा. एकाच घेरावर दोन बॉडिस, म्हणजे गाऊनचे कमरेवरचे भाग, शिवायची चाल होती, एक दिवसाची, एक रात्रीची. तुमची सुटका ह्याच चालीत आहे.

गाऊन उसवू का, विचारलंत. हो, पण कमरेवरच. बॉडिस आणि घेर वेगळे करा. बॉडिसची चेन काढा आणि पाठीच्या दोन्ही कडांना हाताने गोल काजं करून तिथे नाडी ओवा. संध्याकाळची बॉडिस पाठीवर अशीच नाडीनं बांधत. गळा खांद्यापर्यंत रुंद कापा. त्या १८९५ च्या बाह्या काढून टाका, पण फेकू नका, फुगीर बाहीत कापड रग्गड असतं. त्यातून दोन तोकड्या बाह्या निघतील आणि उरलेल्यातून गळ्याभोवतीची रुंद झालर, जिला बर्था म्हणत. खांद्याच्या चुण्यांचा प्रश्नही रुंद गळ्याबरोबर बराचसा कापला जाईल. तरी पुढच्या वेळेसाठी सांगून ठेवते: तुमचा खांदा आजच्या ब्लाउजच्या कापावर बेतलाय. १८६० च्या बॉडिसमध्ये खांद्याची शिवण खांद्यावर नसते, मागे पाठीकडे उतरते. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात तिथली, शिवण दंडावर घसरलेली असते, पण काखेत मुंढा अगदी वर आणि घट्ट. घट्ट मुंढ्यात हात हलतो आणि सैल मुंढ्यात अख्खं बॉडिस वर ओढलं जातं. हे उलटं वाटतं, पण एकदा मांजरपाटावर करून बघा. आणि मुंढ्याच्या शिवणीत बारीक दोरी घातलेली मगजी भरा. इतकं छोटं काम, पण त्या काळाची सही आहे ती.

दिवसासाठी नवीन घट्ट बॉडिस शिवायच्या फंदात इतक्यात पडू नका. १८६०च्या दशकात गॅरिबाल्डी शर्ट निघाला होता. इटलीच्या त्या सेनापतीच्या लाल शर्टावरून आलेला, अंगात सैल, कमरेशी चुण्या घेऊन घेरात खोचायचा. पांढऱ्या सुती कापडातही शिवत. माप दोन बोटं चुकलं तरी कळत नाही. तुमचा जांभळा घेर, पांढरा गॅरिबाल्डी, कमरेला रुंद पट्टा, आणि तुम्ही १८६२ च्या दुपारी उभ्या.

घेराकडे येऊ. वळ उमटतात कारण पिंजऱ्यावर तुम्ही थेट झगा घातलाय. मध्ये एक परकर हवा, सुती, खाली झालर असलेला. दोन असले तर फारच छान. पिंजऱ्याचं शेवटचं कडं जमिनीपासून वीतभर वर राहू द्या, नाहीतर जिना चढताना पाय त्यात जाईल. पुढून घेर उचलला जातो त्याचं कारण दुसरं आहे. १८६० नंतर पिंजरा पुढून चपटा होत गेला आणि फुगवटा मागे सरकला. तुमचा पिंजरा सगळीकडून सारखा गोल आहे, आणि घेरही तुम्ही चहूकडून सारख्याच लांबीचा कापलाय. पुढच्या कड्यांना आतून आडवी नाडी बांधून त्या थोड्या आत ओढा. मग घेर पिंजऱ्यावर चढवा आणि कमी-जास्त करायचं ते वर, कमरेशी करा. खालची कड सरळच ठेवायची, वरचं जास्तीचं कापड आत दुमडायचं आणि त्यावर निऱ्या घालून पट्टी जोडायची. जुने शिवणारे असंच करत, कारण खालच्या कडेला आतून रुंद पट्टी लावलेली असे आणि ती वाकडी कापली की बसत नाही. कापड न कापल्याने पुढे घेर बदलायला वावही राहतो.

आणि ह्या सगळ्याच्या आधी कॉर्सेट, म्हणजे आत काड्या घातलेलं, पाठीवर नाडीनं बांधायचं अंतर्वस्त्र. तुमच्या पत्रात तो शब्दच नाही, म्हणून मला संशय आला. रोजच्या अंतर्वस्त्रांवर मापं घेतलीत ना? मग बॉडिस कधीच त्या काळासारखं बसणार नाही. उजवं-डावं अंग, छातीची उंची, कमरेचं वळण, सगळं कॉर्सेट ठरवतं. वरचं कापड फक्त त्यावर ताणलेलं असतं. आधी सैल सुती शमीज, त्यावर कॉर्सेट, मग पिंजरा, परकर, आणि सगळ्यात शेवटी पाहुण्यांना दिसायचं ते. शिवायचं याच क्रमाने आणि मापंही त्या-त्या थरावर घ्यायची. हे कंटाळवाणं आहे, कबूल. तीन महिने पांढऱ्या सुती कापडाशी झटायचं आणि फोटोत त्यातलं काहीच येणार नाही.

पण कॉर्सेट आवळू नका. त्या कोवळ्या मुठीएवढ्या कमरा बऱ्याचशा चित्रकारांच्या मेहेरबानीच्या होत्या. कंबर बारीक दिसते ती शेजारच्या घेरामुळे आणि उतरत्या खांद्यामुळे. पाठीमागे नाडीत तीन-चार बोटांची फट राहिली तरी चालते, तशीच वापरत. पहिले काही दिवस तासभरच घाला. श्वासाचा, पाठीचा किंवा पोटाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि आतल्या काड्यांसाठी जीव टाकू नका. त्या काळी देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्या वापरत, आता त्यांची नक्कल प्लास्टिकमध्ये मिळते, आणि जाड केबल टाय कापून कडा घासून घातलेले पहिल्या कॉर्सेटला पुरतात. माझा पहिला कॉर्सेट केबल टायचाच होता. अजून वापरते.

त्या बाईंसारख्या शुद्धतेच्या पहारेकऱ्यांना माझा एक प्रश्न असतो. त्या काळचा लखलखता हिरवा रंग तांबं आणि आर्सेनिकचा होता. १८६१ मध्ये लंडनमध्ये मॅटिल्डा शॉयरर नावाची एकोणीस वर्षांची मुलगी कापडी फुलांवर त्याची पूड भुरभुरवता भुरभुरवता मेली. घालायचा का तो? रेघ सगळेच कुठे ना कुठे ओढतात. तुम्ही ती कुठे ओढायची हे तुम्ही ठरवा, आणि ठरवून ओढा. पॉलिस्टर नकळत घेतलंत म्हणून मेळाव्यात उत्तर सुचलं नाही. 'घेराला सोळा-सतरा हात कापड लागतं, रेशीम परवडत नाही, म्हणून ठरवून घेतलं' असं म्हणता आलं असतं तर हसून वेळ मारावी लागली नसती. पुढच्या गाऊनला मात्र सुती किंवा हलकं लोकरी घ्या. शुद्धतेसाठी म्हणून नाही. पॉलिस्टरवर निऱ्यांची घडी बसत नाही, इस्त्रीशी झगडण्यात निम्मा जीव जातो, आणि चार थरांखाली घामाने हैराण व्हायला होतं.

तरीही सगळ्यांसमोर बोटं मोजणं वाईटच. त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी बाजूला घेऊन, चहाच्या पेल्यावर सांगायला हवं होतं. पण मी असेही लोक पाहिलेत जे पुढच्या भेटीत आपणहून गोल काजं कशी करायची ते शिकवायला बसतात. एकदा नाडीचं बॉडिस घेऊन त्यांच्याकडे जा. फार तर पाचवी चूक काढतील.

चित्रं बघणं कमी करा. चित्रकार आणि फॅशनची रंगीत पानं छापणारे, दोघंही चुण्या काढत नाहीत. त्याऐवजी १८६० च्या दशकातले छोटे पुठ्ठ्यावरचे फोटो पाहा, सामान्य बायकांचे. काखेत झोल, कमरेला वळ्या, छातीवर ताणलेली बटणं. मला तरी ते पाहून फार धीर आला होता. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यू यॉर्कचं मेट्रोपॉलिटन ही दोन्ही संग्रहालयं स्वतःच्या संग्रहातल्या खऱ्या कपड्यांचे फोटो फुकट पाहू देतात, तारखेसकट. पाठीचे फोटो शोधा. कपड्याचं वय पाठीवरून सांगता येतं.

राहता राहिला तुमच्या नवऱ्याचा प्रश्न. घालून जाणार कुठे? लोक जातात: इंग्लंडमधल्या बाथ शहरात दर सप्टेंबरात लेखिका जेन ऑस्टेनच्या नावाच्या महोत्सवात शेकडो माणसं १९व्या शतकाच्या सुरुवातीचे पोशाख घालून रस्त्यानं मिरवतात. पण तुम्हाला खरोखर जायचंय का, हे आधी स्वतःला विचारा. ह्या छंदात दोन जातीची माणसं असतात, शिवण्यात रमणारी आणि घालण्यात रमणारी. पत्रात तुम्ही शिवणीबद्दल आठ वाक्यं लिहिलीत आणि मेळाव्यातल्या मजेबद्दल एकही नाही. असं असेल तर कुठेही न जाणं हेही उत्तर आहे.

जायचं ठरवलंत तर मात्र आधी घरात सवय करा. अख्खा थाट करून एक सकाळ घरकाम करा. जिना चढा, खाली पडलेली वस्तू उचला, खुर्चीत बसा. बसताना मागचं कडं हातानं किंचित वर घ्यायचं असतं. मी पहिल्यांदा तशीच धप्पकन बसले आणि पुढचा घेर माझ्या नाकापर्यंत उडाला, तोही चारचौघांत. न्हाणीघरात काय करायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि कोणी विचारत नाही, म्हणून सांगते: त्या काळचे ड्रॉवर्स, म्हणजे आतले पायजमे, दोन पायांमध्ये शिवलेलेच नसत. दोन्ही पाय फक्त कमरपट्टीला जोडलेले. तसे शिवा, दुवा द्याल.

नवऱ्याला काम द्या. घेर पिंजऱ्यावर चढवल्यावर जमिनीपासूनचं अंतर चहूबाजूंनी मोजून टाचण्या लावाव्या लागतात, आणि ते स्वतःचं स्वतःला करता येत नाही. वाकलात की माप हललं. तुम्ही स्टुलावर ताठ उभ्या राहा, त्यांच्या हातात पट्टी आणि टाचण्यांची डबी द्या, आणि दर वितीवर एक टाचणी लावत फिरायला सांगा. तासभर लागेल. कुठे जाणार ते तेव्हा विचारलं तर म्हणा, अजून मागची बाजू राहिलीय.